सांगेपर्यंत वायर जोडू नये

३ ऑक्टोबर, सोमवार

ही डायरी टाचणीने दिली. मागच्या कुठल्यातरी वर्षाची आहे, आतून कोरी. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या घालतोय. "रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल," म्हणाला. मी म्हटलं, अक्षर सुधारून काय करू काका, मासळीला वाचून दाखवू? धक्क्यावरचे सगळे खो खो हसले. तो पण हसला, पण डायरी परत घेतली नाही.

टाचणी म्हणजे आमच्या कोल्ड स्टोरेजच्या वरच्या ऑफिसातला क्लार्क. अंगाने काडी, आणि कॉलरला कायम चार टाचण्या टोचलेल्या. तोंडावर काका, मागे टाचणी.

आज ऑफिसात नवा प्रिंटर आला. जुना मेला. वर एकच कॉम्प्युटर आहे, त्यालाच सरळ वायरने जोडायचा. टाचणीने खोका फोडला आणि आधी वायरच खुपसली. मग आतला कागद वाचला. त्यावर लाल अक्षरात : सांगेपर्यंत वायर जोडू नये. झालं. कॉम्प्युटर म्हणे मी या पाहुण्याला ओळखत नाही, याचा ड्रायव्हर कुठाय?

मुकादम जिन्यातून ओरडला, "खाली सहा ड्रायव्हर विड्या फुंकत बसलेत, एक देऊ का पाठवून?"

त्यातला एक म्हणाला, "नको रे बाबा. मला तीन वर्षं झाली, कायम करत नाहीत. त्या डब्याला ड्रायव्हर लगेच हवा!"

मी खोका खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "मला येतं ते." मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सहा महिने झाडू मारला होता. हात झाडूवर होते, डोळे नव्हते. साहेबांनी चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! आधी वायर उपटली. अर्धवट बसलेलं सगळं काढून टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग प्रिंटरच्या पाठीवरचा नंबर अक्षर अक्षर बघून ड्रायव्हर उतरवून घेतला. पहिल्यांदा चुकीचा आला, शेवटचं एक अक्षर वेगळं होतं. दुसरा बरोबर. कॉम्प्युटरने सांगितलं तेव्हाच त्याच्या पुढच्या बाजूच्या भोकात वायर घातली. घर्र करून रंगीत पट्ट्यांचा कागद बाहेर आला.

साहेब म्हणाले, "बघा काका. सातशे खोके उचलणारा पोरगा शिकला, तुम्ही बत्तीस वर्षं काय उबवत बसलात?"

काकाचे कान लाल झाले. मला हसू आवरेना. वर ऑफिसात किती ऊब असते! हातमोजे काढून बसता येतं. खालच्या थंडीत बधिर पडणारी डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आज दुपारपर्यंत माझीच आहेत असं वाटत होतं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी हुकूम काढला, रोज दुपारनंतर मी वर. "प्रिंटर सांभाळ आणि म्हाताऱ्यालाही सांभाळ." ताईला फोन करून सांगितलं, मला ऑफिसात खुर्ची मिळाली. ती म्हणाली, "किती दिवस? तू कुठे टिकलायस? तीन गावं, पाच मालक." मोठी बहीण म्हणून ऐकून घेतो, पण या वेळी टिकून दाखवणार. खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर टाचणी बसतो, एवढीच अडचण. मला स्टूल दिलंय.

म्हाताऱ्याच्या तऱ्हा बघण्यासारख्या आहेत. टाइप करतो, प्रिंट दाबतो, आणि कागद निघायच्या आधीच सगळं बंद करून टाकतो. साठवून ठेवत नाही, नाव देत नाही. म्हटलं, काका, फाईल ठेवा की. तर म्हणे, "कागद निघाला म्हणजे काम झालं. आत ठेवून काय लोणचं घालायचंय?" साहेबही तसेच. त्यांना तोंडी सांगितलेलं चालत नाही. कागद आणा, तोही छापील, मग बोला.

आज एकाच्या रजेचा कागद निघाला तो मी वाचायला घेतला, तर काकाने हिसकावला. "ज्याच्याबद्दल कागद, त्याला सहीआधी दिसता कामा नये. आणि इतरांना तर नाहीच. हा बत्तीस वर्षांचा नियम आहे." वा रे नियम. बाकीचे कागद मात्र मला मोठ्याने वाचून दाखवायला लावतो. अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून. खाली ऐकू जातं. मुद्दाम इज्जत काढतो.

माझं नाव त्याने भिंगरी ठेवलंय. वर आणि, "भिंगरी, पाय हलवू नकोस, टेबल हलतं." थर्मासमधला चहा कपात ओतला आणि माझ्या डाव्या हातात दिला. "पिऊ नकोस लगेच. नुसता धर." मला काय याचा कप धरायला ठेवलाय?

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक गंमत सापडली. कोणाला सांगणार नाही. वहीलाच सांगतो.

मोबाइल चार्ज करायचा होता. माझी वायर आखूड, पुढच्याच भोकापर्यंत पुरते. म्हणून प्रिंटरची वायर काढून मागच्या भोकात घातली. कॉम्प्युटरला वाटलं, हा दुसराच प्रिंटर आला. यादीत आता एकाच नावाचे दोन. पहिला फिकट पडलाय, त्याच्याखाली दुसरा, शेवटी ‘कॉपी १’. पहिल्यावर पाठवलं की काहीच निघत नाही. कागद आत जाऊन रांगेत उभा राहतो, वायर परत त्या भोकात येईपर्यंत. दुसऱ्यावर पाठवलं की फटकन निघतो.

काका नेहमी पहिला निवडतो. त्याने दुपारी चारदा दाबलं. प्रिंटर मख्ख. प्रिंटरला थोपटलं, कागद काढून पुन्हा घातले, चष्मा पुसला. मग साहेब आतून म्हणाले, "बघ रे जरा." मी उठलो, तेच पुन्हा टाइप केलं, दुसरा निवडला, निघाला.

साहेब म्हणाले, "हाताला गुण लागतो."

एक मिनिटाचं काम होतं सांगायचं. पहिला काढून टाकायचा, संपलं. नाही सांगितलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज सहा वेळा तेच. सहाव्या वेळी काका स्वतःच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बस बाबा. माझ्या हातात काहीतरी बिघडलंय." मी त्याच्या खुर्चीवर बसलो. गादी आहे तिच्यावर, त्याने घरून आणलेली. मऊ आहे.

माणूस आपल्या हाताकडे असा बघत होता, जसा काही तो दुसऱ्याचा आहे. मजा आली. थोडं कसंतरीही झालं, पण मजाच जास्त.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

घात आहे. काकाने आज सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू शाळा कितवीपर्यंत केलीस रे? खरं सांग."

नोकरीला लागताना मी दहावी सांगितलंय. आहे सातवी. म्हटलं दहावी. तो चष्म्यावरून बघत राहिला. "खरं सांग म्हणालो." मग तोंडातून निघून गेलं, सातवी. "जन्मतारीख? कामगार क्रमांक त्रेसष्टच ना?" सगळं चिठोऱ्यावर लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं. कॉलरच्या टाचणीने वर टोचलं सुद्धा.

कळलं मला. माझा काटा काढतोय. खोटं सांगून नोकरी मिळवली असा अर्ज जाणार साहेबांकडे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

ठरलं तसंच. तीन वाजता म्हणाला, "जा, खाली जाऊन चहा पिऊन ये. निवांत ये." मी जिन्यात थांबून दाराच्या फटीतून बघितलं. एका बोटाने टकटक करत अर्धा तास टाइप करत होता. पडद्याला पाठीने झाकून! मग प्रिंट दाबलं. नाही निघालं. पुन्हा दाबलं. माझ्या पोटात गुदगुल्या. मला हाक मारली नाही. कशी मारेल? माझ्याच गळ्याचा दोर माझ्याकडूनच वळून कसा घेईल?

तो घरी गेल्यावर रांग बघितली. फिकट प्रिंटरच्या पोटात तीन नवीन. नाव नाही, नुसतं डॉक्युमेंट१, डॉक्युमेंट१, डॉक्युमेंट१. उघडून वाचता येत नाही. पुसून टाकता येतं. हात गेला होता, पण राहू दिलं. असू दे आत कुजत.

१९ ऑक्टोबर, बुधवार

रोज तीन वाजता "जा चहा पिऊन ये." रोज पुन्हा पहिल्यापासून टाइप करतो, कारण साठवलेलं नसतं. रोज दाबतो. रांगेत आता तसले नऊ आहेत. केवढा आकस माणसाच्या पोटात! मी याचं काय वाकडं केलं होतं?

आज आल्यावर मला विचारतो, "मी नसताना प्रिंटरमधून काही निघालं का?" म्हटलं, तुम्ही असतानाही निघत नाही, नसताना काय निघणार. खालचा मुकादम वर आला होता, तो टेबल बडवून हसला. काका पण हसल्यासारखं करतो. शुक्रवारी मोठ्या ऑफिसची टपालाची थैली जाते, तिच्याकडे बघत होता.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते सरळ लिहितो.

अकरा वाजता गाडी भरून तयार. गेटपास छापून हातात आल्याशिवाय आवारात इंजिन चालू करायचं नाही, हा साहेबांचा नियम. इंजिन बंद म्हणजे गाडीतला गारवा बंद. मी सकाळी खालीच असतो. ऊन मरणाचं होतं.

वरून काकाची हाक आली, "भिंगरी, जरा वर ये रे, पास निघत नाही." मी रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसलो. का बसलो? तो माझ्यावर अर्ज लिहिणार आणि मी त्याचे पास काढणार? बसलो.

तो जिना उतरून खाली आला. त्याच्या चपला ओळखू येतात, एक पाय घासत चालतो. "भिंगरी! अरे कुठे गेलास?" माझ्यापासून चार हातांवर उभा होता. धाप लागली होती. खोक्यांच्या फटीतून त्याच्या कॉलरच्या टाचण्या चमकताना दिसल्या. मग परत वर. मग परत खाली. चार वेळा. ड्रायव्हर शिव्या देत होता. हाताने पास लिहून देऊ का असं काका विचारायला गेला तर साहेब म्हणाले, "छापील."

एक वाजता गाडीच्या दारातून पाणी ठिबकायला लागलं. आधी थेंब, मग धार. तेव्हा मी गेलो, "अरे, मला कोणी हाक मारली होती का?" वर जाऊन एका मिनिटात पास काढला. गिऱ्हाइकाने संध्याकाळी गाडीच्या गाडी परत पाठवली.

साहेबांनी काकाला धक्क्यावर, सगळ्यांसमोर उभं केलं. एक खोका फोडून त्यातली मऊ पडलेली मासळी त्याच्या हातात दिली. "घ्या. वास घ्या. बत्तीस वर्षांचा अनुभव असा वास मारतो." काका ती धरून उभा राहिला. कुठे ठेवायची ते कोणी सांगेना. बोटांमधून पाणी कोपरापर्यंत गेलं. कोणी हसलं नाही. मी हसायचा प्रयत्न केला.

"उद्या सामान घेऊन जा," साहेब म्हणाले.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेला. सामान काय, थर्मास, फूटपट्टी, टाचण्यांची डबी. गादी राहू दिली. "तुला लागेल," म्हणाला.

दारात थांबून हळूच विचारलं, "ऐक. बाकीचं जाऊ दे. माझा एक कागद होता, तुला सांगता येत नाही कसला. मी बऱ्याचदा दाबला. नंतर कधी निघाला असेल, तू सह्यांच्या थप्पीत ठेवला असशील... निघाला का रे? नसेल तर सांग, घरून कोणाकडून तरी छापून आणतो. अठ्ठावीसच्या थैलीपर्यंत वेळ आहे."

जाता जातासुद्धा माझ्या मुळावर! मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो, "निघाला काका. मीच ठेवला साहेबांच्या टेबलावर. सही पण झाली."

त्याने डोळे मिटले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून मासळीचा वास होता. "मग झालं," म्हणाला. "आता मला काही नाही."

किती खुश झाला बघा. असल्या माणसाला काय म्हणावं?

२४ ऑक्टोबर, सोमवार

खुर्चीवर बसलो. दिवसभर. फिकट प्रिंटरला विचारत नाही, कॉपी १ वर सगळं सुरळीत. ताईला फोन केला. ती रडली. "टिक रे," म्हणाली. "एकदा तरी टिक." बोटांना मुंग्या येतात आता, म्हणजे जिवंत होतायत.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

थैली गेली. मीच शिवली. आत माझ्याविरुद्ध काही नाही हे तीनदा बघितलं.

१ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. मला वाटलं कायम करतात.

"सोमवारी मोठ्या ऑफिसातून माणूस येतोय त्या खुर्चीवर. तू खाली."

म्हटलं, साहेब, मी चालवतोय की सगळं. ते म्हणाले, "चालवतोस. पण जागा कागदावर भरतात. इथून एखादं नाव जायला हवं होतं, शिफारशीसह, महिनाअखेरपर्यंत. नाव पाठवायचं काम क्लार्कचं. म्हातारा एकदा म्हणाला होता, एक नाव आहे म्हणून. मी म्हटलं कागद आण. आणला नाही. एक कागद काढता आला नाही त्याला."

"माझं नाव आता घाला ना."

"तारीख गेली," म्हणाले आणि फोन घेतला.

टेबलाशी येऊन बसलो. पाय हलत होता. इतका हलत होता की टेबलाखालची प्रिंटरची मागची वायर पायात अडकून निघाली. डोकं फिरलं होतंच. मोबाइल उपटून फेकला आणि प्रिंटरची वायर पुढच्या भोकात खुपसली.

प्रिंटर घर्र करून जागा झाला. आणि थांबेचना. आधी जुने पास, मग तेच कागद जे मी पुन्हा टाइप करून काढले होते. मग एकसारखे नऊ. मग त्या परत आलेल्या गाडीचा पास, अकरा वाजून पाच मिनिटांचा, सात प्रती. कागद ट्रेमधून खाली पडत होते. साहेब आतून ओरडले, "कोण एवढं छापतंय?"

३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसची भाषा जड असते. दोन दिवस लागले. मोठ्याने वाचलं, अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून. उतरवून ठेवतो.

"विषय : माझ्या जागी नेमणुकीबाबत. मी डिसेंबरअखेर निवृत्त होत आहे. माझ्या जागी कामगार क्रमांक ६३ यास घ्यावे, अशी शिफारस करतो. त्याचे शिक्षण सातवीपर्यंत आहे. हे मी मुद्दाम लिहीत आहे, म्हणजे पुढे कोणी ते उकरून त्याला काढणार नाही. वाचन मी करून घेत आहे. उरलेल्या दोन महिन्यांत बाकीचे शिकवीन. त्याला एका जागी बसवत नाही, परंतु एकदा पाहिलेले तो विसरत नाही. थंडीने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे बधिर झाली आहेत व तो ती लपवतो. तरी त्यास खाली ठेवू नये."

नऊ कागद नीट लावून बघितले. शब्द सारखे नाहीत. रोज नव्याने टाइप केलेलं. पहिल्या तिनांत बोटांचं नाही. ते चौथ्यापासून आहे.

तोंडाने सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? नियम म्हणे. नऊ वेळा दाबतो, एकदा बोलत नाही. चूक कोणाची? मी काय मनातलं ओळखतो? त्यानेच पहिल्या दिवशी सांगेपर्यंत वायर जोडू नये ते वाचलं नाही, तिथपासून सगळं बिघडलं.

त्यातला एक साहेबांना नेऊन दाखवला. त्यांनी उलटा करून बघितला. "मागून कोरा आहे. कच्च्या कामाला वापर," म्हणाले.

९ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारपासून खाली. नवा माणूस बरा आहे, कोणाशी बोलत नाही. गादी त्याने जिन्यात काढून ठेवली, तिच्यावर आता मुकादम बसतो.

आज दुपारी त्यानेच वरून हाक मारली, त्रेसष्ट नंबर, फोन आहे. खोका ठेवून वर गेलो. हातमोजे काढले नाहीत. तो पास द्यायला खाली गेला होता, खुर्ची रिकामी होती. मी तिच्या शेजारी उभा राहून फोन घेतला.

"भिंगरी," काका म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा होता. "फोन दुसऱ्याच कोणी उचलला रे."

"नवीन आहे. माझ्या हाताखाली दिलाय."

"अरे वा!" मग खोकला आला, बराच वेळ. "म्हणजे झालं काम. कागद पोचला."

"पोचला."

"आता सांगायला हरकत नाही, तो तुझाच होता. चहा प्यायला उगाच नव्हतो हाकलत तुला." हसला. "बोटं कशी आहेत?"

मी डाव्या मोज्यातली बोटं हलवून बघितली. तीन हलली.

"चांगली आहेत."

"खुर्चीवर बसला आहेस ना आत्ता?"

"बसलोय."

"पाय हलवतोस का?"

"नाही काका," मी म्हणालो.